चांदीचं पातळ

६ फेब्रुवारी २००५, रविवार
शेणव्याला मुलगी बघून आलो. सरिता. पसंत! एकदम पसंत. घरात तिच्या आजीचं चालतं, सकुबाईचं. तिने विचारलं, मुरबाडला कंपनीत काय करतोस रे? म्हटलं, मशिनीत प्लाझ्मा पेटवून चांदीचं पातळ बनवतो. (बटन मी दाबतो, म्हणजे मीच बनवतो.) थिन फिल्मला मराठीत दुसरं काय म्हणणार? आजी एकदम खुलली. विज्ञान मराठीत सांगितलं की म्हाताऱ्या माणसांनाही कळतं.

९ फेब्रुवारी
महिपतमामाचा फोन. स्थळ त्यानेच आणलंय. आजी विचारते, चांदीचं पातळ कधी आणतो? सहावारी की नऊवारी?
आयला! ती लुगडं समजली. मामा म्हणाला, आत्ताच खरं सांगून टाक. काय गरज? बनवूनच देतो. रविवारपर्यंत पातळ तयार. फायनल.

११ फेब्रुवारी
मशिनीचं पोट हंड्याएवढं. नऊवारी मावत नाय. नमुना म्हणून रुमाल चालेल.

१२ फेब्रुवारी, सकाळ
मशिनीतली हवा पूर्ण निघेना, व्हॅक्यूम येईना. तीन तास झाले. दोष पंपाचा. लॅबवाले अनंता सर म्हणाले, कापड दमट आहे, आधी ओव्हनमध्ये सुकव. मी तेच सुचवणार होतो.

संध्याकाळ
निघाला रुमाल. पिवळा, जरा तपकिरी. चांदी कुठाय? सर म्हणाले, चांदीचे कण इतके बारीक, म्हणजे नॅनो होऊन प्लॅस्टिकसारख्या थरात बसले की रंग पिवळाच दिसतो, प्रयोग झकास झालाय. झकास! सर स्वतः म्हणाले.

१३ फेब्रुवारी, रविवार
शेणवा. आजीने रुमाल उजेडात धरला. हुंगला. म्हणाली, वरण सांडलंय रे पोरा, धुवून तरी आणायचा.
सरिता खूप हसली. चांगली खूण आहे. पाऊण तास नॅनो समजावलं. चहा एकदाच आला.

२० फेब्रुवारी
निरोप नाय. विचार करत असतील. एवढा शिकलेला जावई म्हणजे टाइम लागणारच.

२७ फेब्रुवारी
मामा येऊन गेला. सरिताचं ठरलं. मुलाचं शहापूरच्या बाजारात साड्यांचं दुकान आहे. आजीला पहिल्याच भेटीत दोन पातळं दिली म्हणे.

१ मार्च
दुकान बघून आलो. सहज. सगळा जाडा माल, नॅनोचं नाव नाय. सरिता आईबरोबर साखरपुड्याची साडी घ्यायला आली होती. तिने मला ओळखलं. हसून विचारलं, यातली कुठली छान दिसेल? म्हटलं, हिरवी. तिने तीच घेतली.
खूप वाईट वाटलं.