शिंदेकाकांचं कासव

मंगळवार, संध्याकाळ. आकुर्डी.

शिंदेकाकांचं कासव आज गेलं. दवाखान्यातल्या टेबलावर, माझ्या हातातच.

काका कंपनीतून रिटायर झालेले, पिंपळे गुरवला एकटेच राहतात. टबात ओला टॉवेल घालून रिक्षाने घेऊन आले. काकू त्याला रोज दुधात कुस्करलेली पोळी द्यायच्या. त्या गेल्यावर काकाही तेच देत राहिले. कवच बोटाखाली मऊ लागत होतं. वर्षानुवर्षं नुसती पोळी, ऊन नाही, कॅल्शियम नाही. सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, काही उपयोग झाला नाही. कासवं दुखणं दाखवतच नाहीत, दाखवतात तेव्हा उशीर झालेला असतो. आई सांगत होती, कुत्री-मांजरं बघ. मी हट्टाने सरपटणारे प्राणीच निवडले. कशासाठी? प्रत्येक वेळी असं शेवटी हजर राहायला?

काका म्हणाले, "मॅडम, माझ्या हातनं काही चुकलं का? हिची तेवढीच आठवण राहिली होती."

"नाही काका. वय झालं होतं त्याचं."

कसलं वय? अजून कितीतरी वर्षं जगलं असतं. पण त्या माणसाला पोळीचं कसं सांगणार होते मी?

त्यांचा चेहरा जरा निवळला. टब उचलताना म्हणाले, "आता दुसरं एखादं लहान आणतो. घर खायला उठतं हो."

मी त्यांना दार उघडून दिलं.

उद्या फोन करायलाच हवा. नव्या कासवाला काय घालायचं आणि काय नाही, ते सांगायला. काका नीट ऐकून घेतील. आणि ऐकता ऐकताच त्यांना सगळं कळेल.