आईच्या नावाची पट्टी

अंकुशनगर,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

फोनवर आई शेजारी बसलेली असते, म्हणून कागद घेतला. आबांना जाऊन वर्ष झालं. 'जाऊन' लिहिलं खरं, पण घरात हा शब्द चालत नाही. रिकामी होडी काठाला लागली, आबा मिळालेच नाहीत, म्हणून आई अजून रोज त्यांचं ताट वाढते. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायला बिचकतात. ती मात्र ठसठशीत कुंकू लावून दिवेलागणीला गोदावरीच्या काठी जाऊन बसते. मला बघवत नाही.

त्या दिवशी आबा त्यांच्या त्या जुन्या मरळ माशामागे गेले होते. गळाला चमकतं आमिष म्हणून आईच्या लग्नातल्या पळीची कापलेली पट्टी होती, टिंबाटिंबांनी 'तुळजा' कोरलेली. पळी कापली म्हणून आई किती भांडली होती, आठवतं ना? आता ती म्हणते, ती पट्टी आणून दाखव, मंग मानते मी. मरळ अजून तिथंच आहे. उसळते तेव्हा तिच्या जबड्यात काहीतरी चमकतं. माझ्या गांडुळांना ती विचारतसुद्धा नाही. हरिओमरावांकडून एखादं नकली आमिष पाठव. तुझ्या नवऱ्याच्या वेडाचा माहेराला एवढा तरी उपयोग होऊ दे!

आईला यातलं काही बोलू नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
कल्याणदादा

मिनेसोटा,
१ डिसेंबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग ह्यांचा डबा उघडला. त्यातली काही आमिषं सोबत पाठवतेय. हे वॉलआय नावाच्या माशासाठी आमिषं जमवतात. बॅटरी मारली की त्या माशाचे डोळे मांजरासारखे चमकतात. मला हल्ली ते बघवत नाहीत, आबाच आठवतात. ह्यांचं म्हणणं असं की पाणी गढूळ असेल तर भडक पिवळं-हिरवं लाव, निवळ असेल तर चांदीसारखं. शिशाच्या डोक्याचं आहे ते तळाशी टप्पे घेत आण. ऊन कलल्यावर बस. मुख्य म्हणजे सारखं ओढायचं नाही. जरा ओढ, थांब. मासा थांबल्यावरच घेतो. ह्यांचं लाडकं हरवलंस तर मला कायमचं माहेरी यावं लागेल, सांगून ठेवते!

दादा, एक विचारू? पट्टी सापडली आणि आईनं मानलं, तर त्यानंतर संध्याकाळी ती काय करील? मला त्याची भीती वाटते.

लांब आहे म्हणून विसरू नकोस.

तुझी,
साधना

अंकुशनगर,
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

मरळ मिळाली. पिवळं-हिरवं फुकट गेलं, कारण पाणी आता निवळलंय. चांदीचं लावलं, ओढलं, थांबलो, आणि तिनं घेतलं. जबड्यात खरंच पट्टी होती, अर्धी मांसात रुतलेली. मी काठावर बसून पोरासारखा रडलो. आईला टोचू नये म्हणून पट्टीचा गळ काढून टाकला आणि ती तिच्या हातात दिली.

आईला वाचता येत नाही, पण टिंबांवरून बोट फिरवून तिनं नाव ओळखलं. मला वाटलं, आता हंबरडा फोडेल. ती हसली. म्हणाली, माझीच हाये ही, त्यांनी परत पाठवली. पळीचं भांडण मिटवून राह्यले. मी समजावून थकलो.

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टी माझ्या दोरीला बांधून पाण्यात सोडायला लावली. तिच्या समाधानासाठी सोडली. मी ओढायला लागलो तर म्हणाली, ओढू नको, थांब. तुझं पत्र मी तिला कधी वाचून दाखवलं नव्हतं, साधे.

मी थांबलो, आणि ओढ आली. माशाचे झटके नव्हते. दोरी नुसती ताठ झाली आणि तशीच राहिली, कुणी दुसरं टोक धरून बसल्यासारखी. मरळ आदल्या दिवशीच मेली होती. पट्टीला गळ नव्हता. कारखान्यात बॉयलर सांभाळणारा माणूस मी, पाण्याकडे बघून 'आबा' म्हणालो.

हरिओमरावांची आमिषं परत पाठवतोय, आता लागणार नाहीत. आमच्यावर हसू नकोस, एवढी माया राहू दे.

संध्याकाळी आई काय करील, असं तू विचारलं होतंस. आता आम्ही दोघं जाऊन बसतो.

तुझा,
कल्याणदादा