पेन्शनमधला लॉर्नचा वाटा

डॉफिन, मॅनिटोबा
११ नोव्हेंबर २०१९

प्रिय ऑरेस्ट,

तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो, पण तिसरीच्या वर्गात दिवसभर उभं राहण्याइतका चालतोय. इथे ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगलाच बर्फ पडला. तुमच्या कॅल्गरीला मध्येच ऊबदार वारा सुटतो आणि सगळं वितळतं, आमच्या नशिबी ते नाही. आज सुट्टी आहे. सकाळी युद्धात गेलेल्यांच्या स्मारकापाशी जाऊन आले, दुपारी कोबीची पानं उकडून, सारण भरून होलुब्त्सी करायला घेतल्या, आणि आता त्या ओव्हनमध्ये असताना तुला लिहितेय.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन तू ठेवून देतोस. मागच्या रविवारी ठेवलास तसा.

तू म्हणालास, "एकतीस वर्षं पोरांची नाकं पुसून जमवलेली पेन्शन, आणि तिचा अर्धा भाग त्या ऐतखाऊच्या घशात घालतेस? स्वतःहून?" पुढे म्हणालास, "तळ्याकाठच्या घराचं काय?" आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवलास.

घराचं आधी सांगते. ते आता होणार नाही. निदान माझ्या पैशांत तरी नाही. जूनमध्ये मी निवृत्त होणार ते ठरल्याप्रमाणेच होईल, पण नंतरची दोन-तीन वर्षं कुणी शिक्षक आजारी पडला की बदली म्हणून जाईन. त्या घराचं स्वप्न माझंही होतं, ऑरेस्ट. पडद्यांचं कापडसुद्धा मी मनात निवडून ठेवलं होतं.

आता वकिलाकडे काय झालं ते ऐक. तुला वाटतं तशी मी काही उदार नाही.

सप्टेंबरमध्ये घटस्फोटाच्या वाटणीसाठी आम्ही चौघं बसलो होतो. मी, माझ्या वकीलबाई, लॉर्न आणि त्याचा ब्रँडनहून आलेला तरुण वकील. आमच्या घराचं आणि बँकेतल्या बचतीचं आधीच निम्मंनिम्मं झालं होतं. उरली होती माझी पेन्शन. वकीलबाईंनी समजावून सांगितलं की लग्नाच्या वर्षांत जेवढी साठली तिच्यातली अर्धी कायद्यानं लॉर्नची. त्याला नको असेल तर तसं लिहून द्यावं लागतं, पण किती सोडतोय ते कळून, स्वतःच्या वकिलाशी बोलून.

लॉर्ननं आकडा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "मी कुठे शाळेत शिकवलंय? तिची आहे, तिलाच राहू द्या. सही कुठे करायची?"

त्याचा वकील म्हणाला, "मिस्टर पेटिग्रू, तुम्हाला स्वतःची पेन्शन अशी नाहीच. म्हातारपणी सरकार देईल तेवढ्यावर राहाल. घरी जाऊन विचार करा."

"केलाय विचार. पेन द्या."

तेव्हा मी काय केलं सांगू? काहीच नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. माझ्या डोळ्यांपुढे तळं होतं. मनात म्हणत होते, कर बाबा सही, एकदाची कर.

त्याच्या वकिलाला कागदावर काही रकाने भरायचे होते. त्यानं विचारलं, "तुम्ही नोकरीला होता ते धान्याचं कोठार बंद झाल्यावर काय करत होता?"

"उन्हाळ्यात रस्त्याची कामं."

"आणि दोन हजार नऊनंतर?"

"काही नाही. दोन हजार पंधरापर्यंत घरीच होतो."

"सहा वर्षं?"

"हो. काही नाही."

तो हे बोलला तेव्हा त्याच्या आवाजात ना टोमणा होता ना दुखावलेपण. त्याला खरंच तसंच वाटत होतं. त्या वकील पोरानं 'काही नाही' असं लिहायला पेन टेकवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा. असं लिहू नका. तो माझ्या आईला सांभाळत होता."

"पगारी?" पोरानं विचारलं. बिचाऱ्याचं कामच ते.

ऑरेस्ट, ती सहा वर्षं तुला फोनवरून जेवढी कळली तेवढीच माहीत आहेत. दोष देत नाही. तुझा धंदा नवा होता, मुलं लहान होती. पण आज लिहितेच.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या विसरायच्या आजारात आईचं इंग्रजी गेलं. ज्या भाषेत आपल्याला रागवायची तेवढीच उरली. मी शाळेतून येईपर्यंत घरात ती आणि लॉर्न, आणि त्याला युक्रेनियनमधलं 'धन्यवाद'सुद्धा येत नव्हतं. तो शिकला. आधी पाणी, भाकरी, दुखतंय का. मग चर्चमधल्या फादरकडे जाऊन तिची संध्याकाळची प्रार्थना लिहून घेऊन आला. उच्चार असे, की पहिल्यांदा ऐकून मला हसू आवरेना. आईला नाही आलं हसू. ती हात जोडून त्याच्यामागून म्हणू लागली.

त्याला ती पेत्रो म्हणायची. पेत्रो म्हणजे तिकडे युक्रेनमध्ये राहिलेला तिचा भाऊ, लढाईत गेलेला. मी सांगायचे, "आई, हा लॉर्न." लॉर्न म्हणायचा, "असू दे गं, पेत्रो तर पेत्रो. तुझं काय जातं?" भर बर्फात तिला गाय शोधायला जायचं असायचं. मी दाराला कडी लावून तिच्याशी वाद घालायचे. तो तिला कोट चढवायचा, बूट घालायचा, कोपऱ्यापर्यंत हात धरून चालवायचा आणि म्हणायचा, "सापडली. दूध काढून झालं. चल." आणि ती शहाण्यासारखी परत यायची. मला चोर समजून तिनं चमच्यानं मारलंय. अंघोळीला, नखं कापायला फक्त तोच चालायचा. बाकी काय काय करावं लागतं ते लिहीत नाही. आपली आई होती ती.

त्यानं हे केलं नसतं तर आपल्या दोघांपैकी एकाला काम सोडावं लागलं असतं. मला, किंवा तुला. तू सोडलं नसतंस. मग माझ्या पेन्शनमधली ती सहा वर्षं कुणी कमावली, तूच सांग.

म्हणशील, एवढा देवमाणूस होता तर सोडलंस का? देवमाणूस नाही तो. मी न विचारता भांडी धुण्याचं मशीन आणलं म्हणून चार-चार दिवस बोलायचा नाही. आई असताना घरात कामं होती, हाका होत्या. ती गेली आणि आमच्या लक्षात आलं की आम्ही दोघं तिच्याबद्दलच बोलत होतो. तीन वर्षं मी त्या गप्प घरात राहून पाहिलं. परत जायचं नाही मला. पण घर सोडणं वेगळं आणि माणसाला लुबाडणं वेगळं.

त्या दिवशी सही झाली नाही; अर्धा वाटा तो घेणारच, असं दोन्ही वकिलांना सांगून मी उठले. बाहेर गाडीपाशी लॉर्ननं मला गाठलं. असा संतापलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"मला मजुरी देतेस? तुझ्या आईची? मी पैशांसाठी केलं नाही ते."

"मीसुद्धा पोरांना पैशांसाठीच शिकवलं असं नाही," मी म्हटलं. "म्हणून काय पेन्शन नाकारू?"

तो गाडीत बसला आणि निघून गेला. सवयीप्रमाणे अबोला. मग मागच्या गुरुवारी त्याच्या वकिलाचा निरोप आला. लॉर्ननं अर्धा वाटा घ्यायच्या कागदावर सही केली होती. सोबत एक ओळ होती, लॉर्नच्याच अक्षरात: "हट्टी आहेस."

झालं ते असं. होलुब्त्सीचा वास सुटलाय, उठते आता.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
लेस्या


डॉफिन
८ डिसेंबर २०१९

प्रिय ऑरेस्ट,

तुझं उत्तर आलं नाही, पण तुझी खबर आली. थंडी इथे उणे अठ्ठावीस. इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्रभर विजेला जोडून ठेवली तरच सकाळी सुरू होते. मी बरी आहे.

काल लॉर्न गाडीला हिवाळ्याची, बर्फात न घसरणारी चाकं बसवून द्यायला आला होता. नको म्हटलं तरी आला. जमिनीवर वाकून नट आवळता आवळता म्हणाला, "तुझ्या भावाचा फोन आला होता."

मी विचारलं, "ओरडला?"

"नाही. आधी हवा कशी आहे विचारलं. मग म्हणाला, आई मला शोधायची का?"

"आणि तू?"

"खरं ते सांगितलं. पहिलं वर्षभर शोधायची. मग तुझं नाव तिला कळेनासं झालं, असं म्हटलं."

मी तिथेच पायरीवर बसले. दर रविवारी फोनवर मी तुला सांगायचे, आई रोज तुझी आठवण काढते. तुला बरं वाटावं म्हणून. काल पहिल्यांदा डोक्यात आलं, त्यानं तुला कधी बरं वाटलंच नसेल. 'आई रोज विचारते आणि मी जात नाही', एवढंच तुला ऐकू येत असेल. मग दर वर्षी यायचं आणखी अवघड होत गेलं असेल. ऑरेस्टिक, त्या पहिल्या वर्षानंतर तिनं तुझी वाट पाहिली नाही रे. तिला कुणाचीच वाट पाहता येत नव्हती.

लॉर्नला विचारलं, "तो काय म्हणाला?"

"थँक यू म्हणाला. मग रडला असावा. मी फोन धरून राहिलो."

"किती वेळ?"

"तो ठेवीपर्यंत."

मग त्यानं हात पुसले आणि निघाला. चहा विचारला तर म्हणाला, पुन्हा कधीतरी.

सहा जानेवारीला आपल्या युक्रेनियन नाताळचं, जुन्या पंचांगाप्रमाणे, जेवण मी इथेच, या दोन खोल्यांत करणार आहे. तू ये. मुलांना आण. लॉर्नलाही विचारलंय. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आला तर प्रार्थना त्याला म्हणू दे. तुझ्या-माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ आहे.

यापुढे तुला बरं वाटेल ते नाही, खरं असेल ते सांगणारी
तुझी बहीण,
लेस्या