उभं राहायचं काम माझं होतं

प्रिय वहिनी,

मोहाची फुलं पुन्हा पडायला लागलीत. उद्या गावात माझा सत्कार आहे. शाल, नारळ, आणि जंगलात जाणाऱ्या बायांच्या पथकाची प्रमुख म्हणून माझं नाव. वाघाच्या अंगावर धावून गेलेली धाडसी पोरगी म्हणे! त्याआधी तुला लिहिणं भाग आहे. खरं काय ते तुला आणि मलाच माहीत आहे, असं मी आज सकाळपर्यंत समजत होते.

मोह वेचायची रीत तूच शिकवलीस. एकीनं वाकायचं, दुसरीनं उभं राहून डबा वाजवायचा, बडबड करायची. "वाकलेलं माणूस वाघाले जनावरच दिसते, सुमे. तोंड बंद नको ठेवजो."

गेल्या वर्षी त्या दिवशी उभं राहायचं काम माझं होतं. आणि मी तुझ्यावर रुसले होते. का, तर मला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर तू हसत म्हणालीस, "आमच्या सुमीले भाकर थापता येत नाई, नकाशे काढते." एवढ्यावरून चार दिवस अबोला धरला मी. डबा पायाशी ठेवला आणि तुझ्याकडे पाठ करून बसले. तू एकदाच म्हणालीस, "वाजव ना वं." मी नाही वाजवला.

तुझाही राग येतो मला. तू उठली का नाहीस? दोन थोबाडीत का नाही दिल्यास? मोठी तू होतीस ना? रुसलेल्या पोरीच्या भरवशावर मान खाली घालून वेचत बसलीस.

मग वाघानं तुझ्यावर झडप घातली तेव्हा मी धावले हे खरं. टोपलं, डबा, दगड, हाताला येईल ते फेकलं. पण तुला तिथं टाकून दादासमोर जायची भीती वाघाच्या भीतीहून मोठी होती, एवढंच. वाघ गेला. तू त्याच्या आधीच गेली होतीस.

तेव्हापासून मला कशालाच नाही म्हणता येत नाही. तुझ्या परीला सांभाळायचं म्हणून आलेलं स्थळ मोडलं. लोक म्हणाले, काय मनाची पोर आहे. रोज बायांसोबत जंगलात जाते. उभं राहायचं काम कुणाचं होतं हे कुणी विचारू नये, म्हणून सगळ्यांच्या पुढे चालते. परी शाळेत सांगते, माझ्या आत्यानं वाघ पळवला. तिच्या वेण्या घालताना मी आरशात बघत नाही.

आज सकाळी दादाला सगळं सांगून टाकलं. तो चहा पीत होता. कपसुद्धा खाली ठेवला नाही त्यानं.

"माहीत हाय मले," म्हणाला. "चार दिवस तुम्ही बोलत नव्हत्या. तरी मीच तिले म्हणलं, जाय, सुमी हाय संग."

"मग वर्षभर बोलला काऊन नाई?"

"काय बोलू? परीले पाहाले कोणी पायजे होतं."

ऐकलंस, वहिनी? माझं स्थळ मोडत होतं तेव्हाही तो गप्प बसला. माझी भीती त्याच्या कामी आली. तुझा नवरा आणि मी, दोघंही तुझ्या मरणावर घर चालवत होतो.

उद्या मी शाल घेणार नाही. सगळ्या बायांसमोर सांगेन की उभं राहायचं काम माझं होतं आणि मी रुसून गप्प बसले होते. घरचं भांडण मिटवल्याशिवाय जोडीनं जंगलात जाऊ नका, हेही सांगेन. मग लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

परी आता शाळेतून येईल. तिला मात्र आजच सांगते. तिनं हे सभेत ऐकू नये.

तुझी नणंद,
सुमी