घड्याळजींच्या बायकोची तब्येत

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या कागदावरच घालतो.) तुझा गुडघा कसा आहे? काका गेले, त्यात कॉलेजातली नोकरीही संपली, आता घर खायला उठतं, असं तू आईला म्हणालीस म्हणे. इकडे आम्ही सगळे ठीक. माझी नोकरी अजून आहे, पण कालच्या प्रकारानंतर तसं ठामपणे लिहिताना पेन अडखळतं.

त्याचं असं झालं. तू शिकवलेल्या भाषेच्या जोरावर मला या वाहिनीत दुभाष्याची जागा मिळाली, हे तू जाणतेसच. काल सकाळच्या थेट कार्यक्रमात ती भाषा बोलणारे एक परदेशी घड्याळजी पाहुणे होते. वय सत्तर, मनोऱ्यांवरची बंद घड्याळं चालू करण्यात हयात गेलेली. आमचे निवेदक अघळपघळ. (माणूस चांगला, फक्त पाहुण्याचं उत्तर ऐकायची सवय नाही.) त्यांनी घड्याळाचं नावही न काढता पहिलाच प्रश्न टाकला, "वहिनी कशा आहेत?" आपल्याकडे ही आपुलकी. मी इमानाने भाषांतर केलं. घड्याळजी म्हणाले, "ती जाऊन सहा वर्षं झाली."

आता मावशी, समोर तीन कॅमेरे, निवेदकांच्या चेहऱ्यावर मोठ्ठं हसू. चारचौघांत त्यांचा पचका कसा करायचा? मी म्हणालो, "आता कसलाच त्रास नाही, म्हणतात." (यात खोटं काय, तूच सांग.) निवेदक खूश. "मग सोबत का नाही आणलंत?" हा प्रश्न मी घड्याळजींपर्यंत "प्रवास कसा झाला?" असा पोचवला. ते म्हणाले, "लांबचा होता." मी म्हणालो, "वहिनींना लांबचा प्रवास झेपत नाही." इथवर निभावलं. पण निवेदकांना चेव चढला. "मग आत्ताच फोन लावू या! प्रेक्षकांना वहिनींचा आवाज ऐकू दे!" आणि खरोखरच एक बाई फोन घेऊन टेबलाशी आल्या.

चेहरा हसरा ठेवून मी घड्याळजींपुढे त्यांच्याच भाषेत सगळं ओकून टाकलं. म्हटलं, माफ करा, यांना वाटतंय की त्या हयात आहेत, आणि तो घोळ माझा आहे. त्यांच्या देशात यजमानाला त्याच्याच घरी खाली बघायला लावणं हा मोठा उद्धटपणा, हे तूच शिकवलं होतंस. त्यांनी फोनवर अलगद हात ठेवला. "सांग त्यांना, ती झोपली आहे. उठवू नका."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. निवेदकांनी, आयुष्यात पहिल्यांदा, पुढचा प्रश्न विचारला नाही.

तब्येतीला जप. उत्तर लवकर पाठव.

तुझा भाचा

ता. क. कार्यक्रम फारच गाजला. येत्या गुरुवारी सकाळी अकराला घड्याळजी सपत्नीक हवेत, असं साहेबांचं फर्मान आहे. मला नाही म्हणवलं नाही. तुला ती भाषा येते, वयही जुळतं, आणि अर्धा तास नुसतं हसून बसायचं आहे. गुडघ्याची काळजी नको, खुर्ची मऊ आहे.

ता. ता. क. घड्याळजींना तुझ्याबद्दल सांगितलं, तर आधी साफ नाही म्हणाले. आज मात्र त्यांचा आपणहून फोन आला : मावशींकडे एखादं बंद पडलेलं घड्याळ आहे का? मी हो म्हणून बसलोय. नसेल, तर एखादं चालू घड्याळ बंद पाडून आण.