ताटाएवढा अँटेना

१४ ऑक्टोबर १९८५
जमला! अँटेना ताटाएवढा झाला. पहिला खाटेएवढा होता. "यावर म्हशीनं निजायचं काय?" – इति आबाजी, आमच्या कुंभिवलीच्या वर्कशॉपचे मालक. आता वेढे वाढवले, चौकट लहान केली. म्हशीच्या गळ्यात घालायचा बिल्ला हातभर अंतरावर धरला, की यंत्राचा दिवा लागतो. हे गव्हाणीशी लावायचं. ज्या म्हशीचा बिल्ला, तिच्या वाट्याची पेंड आपोआप पडणार.

रात्री जेवताना दादाला सांगितलं. म्हणाला, "दसऱ्याला गिऱ्हाइकासमोर चालवून दाखव. नाही चाललं तर डोंबिवलीच्या पाहुण्यांना बोलावतो. मग नोकरी बंद, मुकाट बोहल्यावर उभं राहायचं." मी म्हटलं, कबूल!

१७ ऑक्टोबर
आईनं आज पोहे केले. "पाहुण्यांसाठी हात बसवतेय," म्हणे. माझ्यावर केवढा विश्वास!

२१ ऑक्टोबर
शेवटची चाचणी झकास. दिवा दर वेळी लागला. उद्याच्या पूजेसाठी वर्कशॉपातली चिमा झेंडूचे हार ओवत बसली होती. कॉइल गुंडाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. अँटेनाचा हार तिनं सगळ्यांत मोठा केला – चौकटीला सगळीकडून वेढा बसेल असा.

२२ ऑक्टोबर, दसरा
नाही चालला.

कळंबचे बद्रुद्दीनभाई टेंपोतून म्हैस घेऊन आले. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. म्हैस चौकटीला नाक लावून उभी राहिली, पण दिवा ढिम्म. सगळे सांधे तपासले, बॅटरी बदलली. काही नाही. बद्रुद्दीनभाई म्हणाले, "अवं, माजा गडी अंधारात वळखतो हिला. मशीन कशाला?" गेले. आबाजी मला म्हणाले, "हे ताट आता घरी ने, जेवायला."

नेलं, यंत्राची पेटी, बिल्ला आणि हारासकट. पूजेचा हार लगेच कसा काढायचा? एस.टी.त रडले. घरी येऊन दादाला म्हटलं, बोलाव पाहुण्यांना.

२४ ऑक्टोबर
हार सुकला म्हणून काढायला गेले. फुलं गळली आणि आत चकाकली तांब्याची तार! आमचीच, कॉइलची! हार काढून बिल्ला धरला, तर दिवा लख्ख.

चिमाला गाठलं. "सूत संपलं हुतं गं बाय. उरलेल्या तारंत ओवला. टोकं पातीनं खरवडली आन् पीळ दिला, रोज देतो तसा." अँटेनाभोवती तारेचं बंद कडं! अँटेनाचा सगळा जोर त्यानंच खाल्ला. तिला काय बोलू? इतका पक्का पीळ तिच्याशिवाय कुणाला जमला नसता. बिचारी तोंडात पदर धरून बसली.

आबाजी म्हणतात, "बद्रुद्दीनभाई आता पुन्हा येतात होय!" दादाला सगळं सांगितलं, पण शब्द दिला तो दिला. तो एवढंच म्हणाला, "रविवारी सकाळी येतील पाहुणे. अँटेना कॉटखाली सरकव."

२७ ऑक्टोबर, रविवार
नेसून, नटून, तोंड पाडून बसले होते. दाराशी टेंपो थांबला. पुढून दादा आणि बद्रुद्दीनभाई उतरले, मागून म्हैस. दादा म्हणाला, "आले पाहुणे. कॉटखालचं काढ."

दिवा लागला! पुन्हा पुन्हा लागला. बद्रुद्दीनभाईंनी साऱ्या गोठ्याची ऑर्डर दिली. डोंबिवलीकरांचं विचारलं, तर दादा म्हणतो, "त्यांना कळवायचं राहिलंच." आणि माझ्याकडे न बघता म्हशीला पोहे चारत बसला.