गाडी पेट्रोल काऊन पिते?

६ जानेवारी, सोमवार

तिसऱ्या गिअरवर गेले! शाळेच्या मागच्या मैदानात दोन फेऱ्या मारल्या, आणि मग गाडी अशी गचकन बंद पडली की मागे बसलेली महामाया माझ्या पाठीवर आदळली. "मारतं काय वं मले! क्लच दाब ना, क्लच!" महामाया आमच्या उंद्रीची आशाताई. भावाची गाडी घेऊन कुठे कुठे बाळंतिणींकडे जाते. शिकवताना मात्र शिव्याच जास्त.

जीवन पहाटे मळ्यात मोटर चालू करायला जातो. मळा नाल्यापलीकडे, म्हणून पायीच जातो आणि त्याची गाडी दारात राहते. तो परत येईपर्यंत आमची शाळा. सासूबाई ओट्यावर शेकोटी करून बसतात आणि लांबून त्याचं मफलर दिसलं की माझ्या लेकीला, आरोहीला, मैदानाकडे पिटाळतात. गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त जीवनला नाही. असल्या गोष्टी नवऱ्याला सगळ्यात शेवटी कळतात!

(इथे कागदावर तो जीवन. तोंडावर 'अहो'.)

७ जानेवारी

बँक सखीसाठी, म्हणजे गावोगाव फिरून लोकांची बँकेची कामं करून द्यायला, माझं नाव निघालं आहे. पण तिथल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं – चार गावं फिरायची, दोन गावांना एसटी जात नाही, स्वतः गाडी चालवणारी बाईच घेणार. एकतीस तारखेला चिखलीच्या ऑफिसात स्वतः गाडी चालवत यायचं. नाही आलीस तर दुसरीला देणार. दुसरी तयारच आहे, मला माहीत आहे कोण ते.

जीवनला मागच्या महिन्यातच विचारलं होतं, मला शिकवता का? बाईमाणसाला शोभत नाही म्हणाला असता तर भांडले असते. तो म्हणाला, "गिअरची गाडी हाय ते. तुह्या हाती अ‍ॅव्हरेज पडन." अ‍ॅव्हरेज! बायको घरात पडून राहिली तर चालते, अ‍ॅव्हरेज पडता कामा नये.

लग्नाला अकरा वर्षं झाली. बारावी होऊन मी भेंड्या तोडते आणि मेथीच्या जुड्या बांधते. हे काम मला पाहिजे म्हणजे पाहिजेच.

१० जानेवारी, शुक्रवार

मेले!

जीवन संध्याकाळी चिखलीहून आला. तिथल्या अडत दुकानात तो दिवाणजी आहे, रोजचं जाणं-येणं. टाकी फुल करून आला होता आणि तोंड आंबट. साठच्या वर देणारी गाडी बावन्नवर आली. "गाडी पेट्रोल काऊन पिऊन राह्यली, समजून नाई राह्यलं!" माझ्या हातची भाकर तव्यावर करपली.

मग जेवताना प्रवचन. अर्धा क्लच दाबून चालवली की पिते. कमी गिअरमध्ये रेटली की पिते. टायरात हवा कमी असली की पिते. चेन सैल असली तरी पिते. थंडीत चोक ओढून तसाच ठेवला तर दारुड्यासारखी पिते. मी वाढत होते आणि एकेक कलम पाठ करत होते. ज्याने शिकवायला नकार दिला तोच बसून शिकवत होता – आणि वरून म्हणतो, "तुले काय समजते त्यातलं, भाजी वाढ."

११ जानेवारी

चोक! चोक मी कधी आत ढकलतच नव्हते!!

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ घ्या, गोड बोला. जीवन आज पेट्रोल पंपावर भांडून आला. म्हणे मापात मारतात. तो पंपवाला बिचारा हात जोडत होता, असं सोबतच्या माणसाने सांगितलं. पाप माझं आणि शिव्या त्याला.

नंतर गाडी तुळशीराम मिस्त्रीकडे. प्लग बदलला, फिल्टर बदललं, कार्बोरेटर धुतलं. मिस्त्री म्हणाला, मागच्या ब्रेकचं लायनर पार झिजलं आहे, दिवाळीलाच तर टाकलं होतं. जीवन म्हणाला, "डुप्लिकेट माल टाकला असन तुनं." तिथेही भांडण.

वाणाला आलेल्या बायका गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "रुपा, तू थोडे दिवस गाडीले हात लावू नोको माय. त्याचं डोस्कं थंड होऊ दे." पटलं. क्लच आता जमतो आहे, चोकही कळला. आठ-दहा दिवस थांबते. अ‍ॅव्हरेज वर येईल, तोही हसेल, मग शेवटी दोन दिवस हात साफ करून घेईन.

१८ जानेवारी

हात लावला नाही. पाय मात्र भांडी घासताना गिअर टाकतात.

२१ जानेवारी

आज महामाया दारावरून मुद्दाम हॉर्न वाजवत गेली. चांडाळीण.

२५ जानेवारी, शनिवार

काहीतरी भलतंच आहे.

आज टाकी फुल केली. पंचेचाळीस! मी गाडीला बोट लावलं नाही. प्लग नवा, फिल्टर नवं, टायरात हवा बरोबर, चेन ताणलेली. आणि पंचेचाळीस! जीवन जेवलाच नाही. अंगणात गाडीसमोर उकिडवा बसून राहिला.

म्हणजे मी नव्हतेच. निदान सगळी मी नव्हते. आधी एकदम हलकं वाटलं, आरोहीला उगाच उचलून घेतलं. पण मग पेट्रोल जातं कुठे?

आणि माझ्या डोक्यात नको ते शिरलं. हल्ली तो उशिरा येतो. अडत दुकान त्याच वेळेला बंद होतं, रस्ता तोच आणि गाडीही तीच, पण पूर्वी दिवेलागणीला दारात असायचा. आता आरोहीचा अभ्यास होतो, भाकरी होतात, तरी पत्ता नसतो. विचारलं की अंगावर येतो. "रस्त्यानं ट्रकं नसतात का? उडून येऊ का?"

लिहायचीसुद्धा लाज वाटते. पण लिहिते – कोणाकडे जातो हा?

२६ जानेवारी

सासूबाईंना विचारलं. आडून आडून विचारलं, पण त्या काय दुधखुळ्या आहेत! आधी हसल्या, मग म्हणाल्या, "माह्या पोराले तेवढी कला असती, तं त्याच्यासाठी पोरगी पाहाले बारा गावं फिरली असती का मी?"

हसू आलं, पण शंका गेली नाही. तेवढ्यात जीवन बाहेरून आला आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटला. परवा बाजेला पाय लागून तांब्या सांडला होता. सासूबाई ओरडल्या, "डोये कपायाले लावले का बाप्पा?" तो खांदा चोळत आत गेला. उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं. ज्याचं मन दुसरीकडे असतं तोच असा आपटत फिरतो.

२८ जानेवारी, मंगळवार

विकतो म्हणे! गाडी विकतो! दुसरबीडचा कोणी गिऱ्हाईक आहे, गुरुवारी येणार. मला विचारलं नाही की आईला विचारलं नाही. "पेट्रोल पिणारी गाडी कायले पोसा? मी एसटीनं जातो."

शुक्रवारी एकतीस. गुरुवारी गाडी जाणार आणि शुक्रवारी मी काय बैलगाडीतून जाऊ साहेबांपुढे?

म्हटलं, नका विकू. "काऊन?" काय सांगू काऊन? तोंडाशी आलं होतं – अहो, मी शिकले आहे, मला लागते गाडी. पण त्याचं तोंड असं काही झालं होतं की बोलवेना. रागावलेलं नव्हतं. दमलेलं होतं.

उद्या गिऱ्हाइकासाठी खरं अ‍ॅव्हरेज काढणार. आपल्याकडे काढतात तसं – नळीने टाकी रिकामी करायची, मोजून अर्धा लिटर टाकायचं आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. मागे माणूस बसतो, परतीच्या पेट्रोलची बाटली धरून. "तू चाल," म्हणाला. अकरा वर्षांत फिरायला नेलं नाही, आता नेतो आहे तर बाटली धरायला!

२९ जानेवारी, बुधवार

अक्षर वाकडं येतं आहे. पण आज लिहायलाच पाहिजे.

तो दुकानातून लवकर आला. तरी टाकी उपसण्यात वेळ गेला आणि निघेपर्यंत उन्हं उतरली. खामगावच्या रस्त्याने निघालो. मांडीवर कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल, नाकात तोच वास. महिनाभर मी गाडी शिकते आहे, म्हणून माझं लक्ष आपोआप त्याच्या हातापायांकडे. आणि मला कळेचना! रस्ता मोकळा, तरी हा तिसऱ्या गिअरमध्ये. डावा हात क्लचवर. उजवा पाय ब्रेकवर, सारखा दाबलेलाच. नुसता टेकवलेला नाही – दाबलेला! जेवताना मला जे जे करू नये म्हणून सांगितलं, ते सगळं हा स्वतः करत होता.

मला वाटलं, मुद्दाम करतो आहे. गाडी विकायला निमित्त पाहिजे म्हणून. मी चिडून म्हणणारच होते, "चौथा टाका ना!"

अंधारून आलं. समोरून एका जीपचा उजेड आला आणि याने गाडी जवळजवळ थांबवली. मान पुढे काढली, पाखरू दाणा शोधतं तशी. जीप गेली, आम्ही पुढे निघालो. डाव्या कडेला कपाशीच्या पऱ्हाट्यांनी भरलेली ट्रॉली उभी होती. केवढी मोठी! मला दिसली, कोणालाही दिसली असती. हा सरळ तिच्याकडे चालला होता.

"अहो, ट्रॉली!"

मी ओरडले आणि त्याचा खांदा ओढला. त्याने हँडल वळवलं. पऱ्हाट्यांच्या काड्या माझ्या दंडाला ओरखडत गेल्या. बाटली पडली नाही, कशी ते माहीत नाही. थोडं पुढे जाऊन गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. अर्धा लिटर संपलं होतं.

तो उतरला नाही. तसाच हँडल धरून बसला. मग म्हणाला, "मले दिसली नाई वं ट्रॉली."

म्हटलं, "कवापासून?"

"दिवाळीपासून. समोरचं दिसते. बाजूनं काई नाई. अन् अंधार पडला की मंग..."

दिवाळीपासून! रोज त्या रस्त्याने येत-जात होता, ब्रेकवर पाय ठेवून, चाचपडत. म्हणून उशीर व्हायचा. पंपवाला, मिस्त्री, प्लग, फिल्टर – सगळ्या जगाशी भांडला, पण घरी एक शब्द नाही. आणि मी कुठल्या बाईचं घर शोधत होते! त्याला धरून दोन थोबाडीत द्याव्या असं वाटलं. धरून रडावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. टाकीत बाटली रिकामी केली.

"सरका मांगं. मी चालवतो."

"तुले येते?"

"येते."

बस, एवढंच. कोणी शिकवलं, कधी शिकली, काहीच विचारलं नाही. मागे बसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आयुष्यात पहिल्यांदा डांबरी रस्त्यावर गाडी चालवली, तीही अंधारात, नवऱ्याला मागे घेऊन. चौथ्या गिअरवर! नाल्याजवळ आल्यावर त्याने पाठीमागून हळूच विचारलं, "चोक आत केला ना?"

सासूबाई ओट्यावर होत्या. आम्हाला तसं येताना पाहून उठून उभ्या राहिल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

३० जानेवारी

दुसरबीडचा माणूस आला, चहा पिऊन गेला. जीवन त्याला म्हणाला, "नाई विकत. घरात लागते."

३१ जानेवारी, शुक्रवार

झालं! झालं! झालं!

एकटी गेले. चिखलीच्या चौकात एकदा बंद पडली, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून जीव खाल्ला, पण पुन्हा चालू केली आणि ऑफिसच्या फाटकातून आत नेली. साहेब खिडकीतून पाहत होते. चारही गावं माझी! सोमवारपासून.

घरी येऊन पेढे वाटले. जीवनने दोन खाल्ले. महामाया म्हणाली, "फीस दे आता माही." सगळे हसले. उद्या जीवनला बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. चष्मा लागेल बहुतेक. माझ्या मामांनाही असंच व्हायचं, चष्मा लागला आणि चकाचक दिसायला लागलं. आरोहीने बाबांसाठी काळी फ्रेम ठरवूनही ठेवली आहे.

किती दिवसांनी घर असं मोकळं हसलं!

१ फेब्रुवारी, शनिवार

काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे तेवढी थेंब टाकून राखायची, जन्मभर. चष्म्याचं हे काम नाही.

मला गाडी पाहिजे होती. देवा, अशी नको होती.

दवाखान्यातून बाहेर आलो. तो सवयीने पुढच्या सीटवर बसला आणि हँडल धरलं. मग हळूहळू मागे सरकला.

म्हणाला, "चाल. आई वाट पाहून राह्यली असन."